साठ पौंडांची गोष्ट

मुंबईचे पोलीस म्हणजे स्कॉटलंड यार्डच्या खालोखाल, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते यार्ड आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तिथला माणूस धुतल्या तांदळासारखा, अशी ठाम समजूत! पुढे इतिहास वाचताना कळलं की, त्या यार्डाच्या अब्रूची लक्तरं १८७७ साली भर कोर्टात टांगली गेली होती.

झालं असं. लंडनमध्ये हॅरी बेन्सन आणि विल्यम कर हे दोन भामटे होते. बेन्सन फ्रेंच अस्खलित बोलायचा. दोघांनी घोड्यांच्या शर्यतीचं एक खोटंच वर्तमानपत्र छापलं आणि फ्रान्समधल्या पैसेवाल्यांना पाठवलं. त्यात एका माँटगोमेरी साहेबांची कहाणी होती. हे गृहस्थ इतके जिंकतात, की सट्टेवाले त्यांना धड भाव देत नाहीत. तेव्हा तुम्ही त्यांचे पैसे आपल्या नावाने लावा, कमिशन घ्या! मादाम द गोंकूर नावाच्या श्रीमंत बाई याला भुलल्या. हळूहळू स्वतःचे पैसेही लावू लागल्या आणि सुमारे दहा हजार पौंड घालवून बसल्या.

पोलीस मागावर निघत, पण भामट्यांना त्याचा सुगावा आधीच लागे. लागणारच! इन्स्पेक्टर मायकलजॉन कित्येक वर्षं करचे पैसे खात होता.

मला मात्र चटका लावून गेला तो दुसरा अधिकारी, चीफ इन्स्पेक्टर ड्रस्कोविच. हुशार माणूस, अनेक भाषा जाणणारा. भावासाठी तो जामीन राहिला आणि साठ पौंड भरायची पाळी आली. मायकलजॉनने त्याची करशी गाठ घालून दिली. करने पैसे लगेच काढून दिले. बस्स, तेवढंच! पुढे बेन्सन रॉटरडॅमला पकडला गेला, तेव्हा त्याला आणायला यार्डाने पाठवलं कुणाला? ड्रस्कोविचलाच!

बेन्सनला १५ वर्षं आणि करला १० वर्षं शिक्षा झाली. तुरुंगात गेल्यावर दोघांनी तोंड उघडलं. मग साक्षीला चोर आणि आरोपीच्या पिंजऱ्यात चार पोलीस अधिकारी, असा उलटा देखावा लंडनने पाहिला. नोव्हेंबर १८७७ मध्ये क्लार्क हा एक अधिकारी निर्दोष सुटला. मायकलजॉन, ड्रस्कोविच, पामर आणि त्यांचा साथीदार वकील फ्रॉगट यांना दोन-दोन वर्षं सक्तमजुरी झाली. जुनी गुप्तहेर शाखा मोडून १८७८ साली नवं खातं उभारलं गेलं. त्याचं नाव सी.आय.डी.! आपल्याकडे ज्या तीन अक्षरांचा एवढा दरारा, ती अशा बेअब्रूतून जन्मली.

माझा एक विद्यार्थी फौजदार झाला, तेव्हा पेढे घेऊन घरी आला होता. मी त्याला म्हटलं, "लाच घेऊ नकोस हो." तो हसून म्हणाला, "नाही घेणार, सर." खरंच म्हणाला असेल तो. पण लाच दर वेळी लाच म्हणून येत नाही. कधी ती बहिणीच्या लग्नात, आईच्या ऑपरेशनच्या वेळी, मदत म्हणून येते. देणारा परतफेडीची तारीखही विचारत नाही!

त्या दिवशी साठ पौंडांची ही गोष्ट मला ठाऊक असती, तर उपदेशाऐवजी तीच सांगितली असती. आणि एवढंच म्हटलं असतं, "अरे, कधी अडलास, तर आधी माझ्याकडे ये."