मांजर गादीवर लघवी का करते?

सकाळी अंथरुणाची घडी घालताना चादर हाताला ओली लागते, उग्र दर्प येतो आणि पलंगाखाली बसलेले मांजर निर्विकारपणे पाहत असते. मांजर पाळणाऱ्या अनेक घरांना हा अनुभव कधी ना कधी येतो. पहिल्या वेळी चादर धुतली जाते, दुसऱ्या वेळी गादी उन्हात टाकली जाते आणि तिसऱ्या वेळी 'हे मुद्दाम करते' असा निष्कर्ष काढून मांजराला फटका बसतो. त्यानंतरही प्रकार थांबला नाही, तर त्याला पिशवीत घालून दूरच्या मंडईत सोडून येण्याची भाषा घरात सुरू होते.

मांजर सूडबुद्धीने असे वागते, या समजुतीला प्राणिवर्तनशास्त्रात आधार नाही. गादीवरील लघवी हे बहुधा तीनपैकी एका गोष्टीचे लक्षण असते : मूत्रमार्गाचा आजार, न आवडणारा ट्रे किंवा मनावरचा ताण. कारण कळल्याखेरीज उपाय लागू पडत नाही आणि कारणाचा शोध आजारापासूनच सुरू करावा लागतो.

आधी पशुवैद्यकाकडे

आजवर ट्रे व्यवस्थित वापरणाऱ्या मांजराने अचानक गादी ओली केली, तर प्रथम त्याची लघवी तपासून घ्यावी. मूत्राशयाचा दाह, मूतखडा, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. लघवी करताना वेदना झाल्या की मांजर त्या वेदनांचा संबंध ट्रेशी जोडते आणि दुसरी, मऊ जागा शोधते. वयस्कर मांजरांना सांधेदुखीमुळे उंच काठाच्या ट्रेमध्ये चढणे जड जाते. अशा वेळी ती जवळच्या अंथरुणाचा आसरा घेतात.

तरुण व मध्यम वयाच्या मांजरांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे जंतू किंवा खडे यांपैकी काहीही न सापडणारा मूत्राशयदाह. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी या आजाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. घरातील वातावरण आणि मांजरावरील ताण यांचा या आजाराशी निकटचा संबंध असल्याचे त्यातून पुढे आले. त्यामुळे अशा मांजरांना केवळ औषध देऊन भागत नाही. त्यांची राहणीही बदलावी लागते.

पाण्याचाही येथे संबंध आहे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे कोरड्या प्रदेशात वावरणारे आफ्रिकी रानमांजर. कमी पाण्यावर भागवण्याची सवय त्याच्याकडूनच आजच्या मांजराकडे आली आहे. त्याला तहान कमी लागते आणि त्याची लघवी घट्ट असते. केवळ सुका खाऊ खाणाऱ्या मांजराच्या आहारात ओल्या अन्नाचा समावेश करावा आणि पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत.

बोक्याच्या बाबतीत विलंब नको

बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट द्रव्य त्यात अडकले, तर लघवी पूर्ण तुंबते. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, लघवीची जागा सतत चाटतो. पण थेंबाखेरीज काही बाहेर पडत नाही. बद्धकोष्ठ झाले असेल, असे समजून घरचे लोक वाट पाहतात आणि नेमका तोच वेळ घातक ठरतो. लघवी तुंबल्याने रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण वाढून हृदयाची क्रिया बिघडते आणि दोन-तीन दिवसांत, काही वेळा त्याहूनही लवकर, मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे हे लक्षण दिसताच, रात्र असली तरी, बोक्याला रुग्णालयात न्यावे. माणसांची वेदनाशामक गोळी घरच्या घरी मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

ट्रे मांजराच्या पसंतीचा हवा

तपासणीत काही निघाले नाही, तर मोर्चा ट्रेकडे वळवावा. फ्लॅटमध्ये जागा कमी म्हणून एक छोटा ट्रे वॉशिंग मशिनशेजारी किंवा दाराआड ठेवला जातो. मशिन एकदा घरघरले आणि मांजर दचकले, की ते पुन्हा तेथे जाण्यास धजत नाही. ट्रे शांत, सहज पोहोचता येईल अशा आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून दूर असलेल्या जागी ठेवावा. जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे अधिक, असा सर्वसाधारण नियम आहे. सर्व ट्रे एकाच कोपऱ्यात ओळीने मांडले, तर मांजराच्या दृष्टीने ती एकच जागा ठरते.

ट्रेची लांबी मांजराच्या लांबीच्या सुमारे दीडपट असावी. बाजारातील तयार ट्रे अनेकदा अपुरे पडतात. त्यापेक्षा पसरट प्लास्टिकचा टब सोयीचा असतो. पिल्लांसाठी व वृद्ध मांजरांसाठी त्याची एक बाजू कापून ठेंगणी करावी. बहुतेक मांजरांना बारीक कणांचे, ओलाव्याने गोळा होणारे व बिनवासाचे लिटर आवडते. सुगंधी लिटर माणसाला बरे वाटते. मांजराच्या तीक्ष्ण नाकाला मात्र ते सोसत नाही. लिटरचा थर तीन ते पाच सेंटिमीटरचा असावा. त्यातील घाण रोज, शक्य तर दोन वेळा काढावी आणि ठराविक दिवसांनी ट्रे रिकामा करून साध्या साबणाने धुवावा. लिटर बदलायचे झाल्यास जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे.

गादीच का?

गादी मऊ असते, ओलावा शोषते आणि उंचावर असल्याने तेथून सारी खोली दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला घरच्या माणसाचा वास असतो. मालक दूर असताना मांजरांना होणाऱ्या त्रासाविषयीचा एक अभ्यास अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील भलत्या जागी लघवी करणाऱ्या मांजरांपैकी बहुतेकांनी मालकाचीच गादी निवडली होती. घाबरलेले मांजर ओळखीच्या वासात आपला वास मिसळून धीर मिळवते, असे काही तज्ज्ञ मानतात. ज्याला घरमालक अपमान समजतो, ती प्रत्यक्षात त्याच्या अनुपस्थितीवरील प्रतिक्रिया असू शकते.

मांजराला बदल मानवत नाही. नवे बाळ, नवे मांजर, घराची रंगरंगोटी, पाहुण्यांची वर्दळ, गणेशोत्सवातील ढोल-ताशे, दिवाळीचे फटाके यांपैकी कशानेही त्याची घडी विस्कटते. खिडकीबाहेर फिरकणारा भटका बोकाही पुरेसा असतो. अशा दिवसांत मांजराला लपण्यासाठी एखादे खोके, बसण्यासाठी उंच फळी आणि एक शांत खोली द्यावी. जेवणाची व खेळण्याची वेळ शक्यतो चुकवू नये. मांजराच्या गालातील स्रावासारखी कृत्रिम गंधद्रव्ये सोडणारी उपकरणेही मिळतात. मात्र त्यांचा गुण प्रत्येक मांजराला सारखाच येतो असे नाही. मनावरील ताणाची औषधे केवळ पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

फवारा वेगळा, लघवी वेगळी

उभ्याने, शेपटी ताठ करून व थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर थोडी लघवी उडवणे, ही हद्दीची खूण असते. वयात आलेले बोके हे सर्रास करतात आणि माजावर आलेल्या मांजरीही करतात. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास निर्बीजीकरण केल्यास ही सवय बहुधा लागतच नाही. मोठ्या बोक्यांमध्येही सुमारे ९० टक्के वेळा या शस्त्रक्रियेने फरक पडतो. खाली बसून गादीवर भरपूर लघवी करणे हा प्रकार मात्र वेगळा असून त्याची कारणे वर सांगितलेल्या तीन गोष्टींत शोधावीत.

वास गेला तरच सवय जाते

गादीत वास शिल्लक राहिला, तर मांजर पुन्हा तेथेच येते. साध्या साबणाने माणसाला वास येईनासा होतो. मांजराला मात्र तो येतच राहतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की जुना डागही पुन्हा दरवळू लागतो. ओली जागा लगेच जाड कापडाने टिपून घ्यावी, पाण्याने भिजवून पुन्हा टिपावी आणि त्यावर लघवीतील घटकांचे विघटन करणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे. ते पुरेसा वेळ मुरू द्यावे लागते. त्यानंतर गादी कडक उन्हात वाळवावी. सवय मोडेपर्यंत गादीवर जलरोधक आच्छादन घालावे आणि घरात कोणी नसताना शयनगृहाचे दार बंद ठेवावे.

आपल्या घरांत फरशीसाठी सर्रास वापरले जाणारे फिनाईल मांजरांना विषारी असते. ते पंजांना लागते आणि पंजे चाटताना पोटात जाते. अमोनियायुक्त द्रावणाचा वास लघवीसारखाच असल्याने उलटा परिणाम होतो, तर ब्लीचचा लघवीशी संयोग होऊन त्रासदायक वायू तयार होतो. ही तिन्ही द्रव्ये टाळावीत.

हे लक्षात ठेवा

* मांजराला मारू नये, त्याचे नाक ओल्या जागेवर घासू नये. त्याने ताण वाढतो आणि ताणाने सवय.
* लघवी कधी, कोठे व किती केली आणि त्या दिवशी घरात काय घडले, याची वहीत नोंद ठेवावी. पशुवैद्यकाला तिचा मोठा उपयोग होतो.
* एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम दिसण्यास काही आठवडे द्यावेत.
* लघवीत रक्त, वारंवार कुंथणे, उलट्या किंवा खाणे बंद होणे यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये.

घरात वाढलेल्या मांजराला रस्त्यावर अन्न मिळवता येत नाही आणि तेथील मांजरे त्याला थारा देत नाहीत. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हाही आहे. मांजराला आपले दुखणे सांगता येत नाही. ओली गादी हे ते सांगण्याचे त्याच्यापाशी असलेल्या मोजक्या मार्गांपैकी एक आहे. ते वेळीच ओळखले, तर बहुतेक घरांत गादीही कोरडी राहते आणि मांजरही घरात राहते.