श्वासनलिकादाह : उपचाराचा इतिहास आणि कळंबोली
चार्ल्स बॅडम यांनी १८०८ मध्ये ‘ब्राँकायटिस’ ही संज्ञा वापरली. मात्र या विकाराचा हवेशी असलेला संबंध डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या विषारी धुक्याने ठळक केला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. मुंबईतही के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकात या संबंधाचा अभ्यास केला. पुढे मुंबईतील गर्दी कमी करण्यासाठी सिडकोने पोलादबाजार कळंबोलीत वसविला. त्याबरोबर अवजड मालमोटारींचा धूरही आला.

अल्पकालीन श्वासनलिकादाह बहुधा विषाणुजन्य असतो. त्यात प्रतिजैविके सहसा लागत नाहीत. सलग दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने कफयुक्त खोकला राहिल्यास तो दीर्घकालीन मानतात; तेव्हा धूम्रपानत्याग व श्वासावाटे घ्यावयाची औषधे उपयोगी पडतात. तथापि रुग्ण पुन्हा त्याच हवेत परतत असेल, तर उपचार अपुराच राहतो. म्हणून नगरनियोजन हेही आरोग्यरक्षणाचेच अंग ठरते.