नऊ वर्षांचे बॉम्ब, पिढ्यांचे काम

लाओस या देशाचे नाव आपल्या बातम्यांत क्वचितच येते. भारताचा मात्र त्याच्याशी जुना संबंध आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथल्या युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. १९६२ मध्ये लाओसच्या तटस्थतेची घोषणा झाली, तिच्यावर आपलीही सही होती. त्यानंतर दोनच वर्षांत या तटस्थ देशावर बॉम्ब पडू लागले.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या मारल्या आणि २० लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. त्यात क्लस्टर बॉम्बमधून विखुरणारे २७ कोटी छोटे बॉम्ब होते. त्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. म्हणजे जवळपास आठ कोटी बॉम्ब मातीत तसेच राहिले. तिथले लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. आकार टेनिसच्या चेंडूएवढा. मुले खेळायला उचलतात, शेतकऱ्याची कुदळ लागते, भंगार गोळा करणारा हात घालतो. युद्ध संपल्यानंतर अशा स्फोटांत मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या वीस हजारांच्या घरात आहे.

हे बॉम्ब काढण्याची राष्ट्रीय यंत्रणा उभी राहायला १९९६ साल उजाडले. 'यूएक्सओ लाओ' हे तिचे नाव. गावातलीच माणसे शिकून तयार झाली, पैसा आला तो परदेशांतून. पण देणगी ही पावसासारखी, कधी भरपूर तर कधी दडी मारणारी. २००२ मध्ये निधी आटला आणि मोठ्या संख्येने प्रशिक्षित माणसांना घरी पाठवावे लागले. इथेच मला या इतिहासाचा खरा धडा दिसतो. यंत्र गोदामात ठेवता येते, पण बॉम्ब ओळखणारा माणूस एकदा दुसऱ्या कामाला लागला की तो परत येईलच असे नाही.

दुसरा धडा नकाशाचा. सुरुवातीची बरीच वर्षे, जिथे रस्ता किंवा शाळा बांधायची, ती जागा साफ केली जाई. कित्येकदा तिथे फारसे काही सापडतच नसे. गेल्या दशकात आधी पाहणी करून, पुरावा असलेल्या जागाच नकाशावर आखायच्या, ही पद्धत रुजली. त्यामुळे तोच पैसा अधिक कामी येऊ लागला. शिवाय लेखी नोंद राहिली, तर माणसे बदलली तरी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

आता बेल्जियमकडे पाहू. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, तरी ईप्र शहराभोवतीच्या शेतांत नांगरणीला आजही तोफगोळे वर येतात. शेतकरी पोलिसांना कळवतो, लष्कराचे पथक येऊन गोळा घेऊन जाते. शंभर वर्षे उलटली, तरी जमीन पूर्ण साफ झालेली नाही, आणि तशी घोषणा करायची घाईही कुणाला नाही. अग्निशमन दलासारखेच हे नेहमीचे सरकारी काम. खर्च सरकारी तिजोरीतून.

लाओसलाही शेवटी याच वाटेने जावे लागेल. पण बेल्जियमची तिजोरी आणि लाओसची तिजोरी सारखी नाही. २०१६ मध्ये ओबामा लाओसला गेले, पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. त्यांनी तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलर जाहीर केले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखून धरली आणि अनेक देशांतील बॉम्ब काढणाऱ्या तुकड्यांना काम थांबवावे लागले. वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली की इतक्या दूरच्या शेतातले काम थांबते, मग त्याला राष्ट्रीय कार्यक्रम कसे म्हणायचे?

म्हणून मला वाटते, मदत द्यायचीच तर ती दीर्घ मुदतीची असावी आणि दरवर्षी यजमान देशाचा वाटा थोडा थोडा वाढत जावा. किती बॉम्ब काढले, याबरोबरच किती स्थानिक माणसे कायम नोकरीत आली, हेही मोजावे. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २०१० मध्ये लागू झाला. त्यावर अमेरिकेची सही नाही, आपलीही नाही. ज्या देशाच्या तटस्थतेवर आपण एकदा सही केली, त्याच्या शेतांकडे पाहून या करारावर पुन्हा विचार करायला काय हरकत आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)