नकाशावरची रेषा आणि अक्षरांचा तक्ता



१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा उरलेला मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यास, म्हणजे आजच्या कर्नाटकास, मिळाला. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातून, ज्यास २०१४ सालापासून कलबुर्गी म्हणतात, कोडंगल व तांडूर हे तालुके आंध्रात गेले. जी रेषा नकाशावर एका बोटाने दाखविता येते, ती जमिनीवर शेतांच्या बांधांवरून, सोयरिकींवरून आणि शाळांच्या पटांवरून गेली.

ती रेषा न्याय्य होती की अन्याय्य, हा आजच्या भाषणाचा विषय नाही. पण एक गोष्ट तिच्या विरोधकांनाही मान्य करावी लागेल, की ती रेषा उघड्यावर आखली गेली. डिसेंबर १९५३ मध्ये आयोग नेमला गेला. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे त्याचे सभासद होते. लोकांनी निवेदने दिली, साक्षी दिल्या. सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल आला. संसदेत त्यावर खडाजंगी झाली. ज्यांचे समाधान झाले नाही त्यांच्यासाठी पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. म्हणजे ज्याला बोलावयाचे होते, त्याला बोलावयाची जागा होती.

याच सीमाभागावरून, आणि खरे पाहता साऱ्या देशावरून, गेल्या चाळीस वर्षांत आणखी एक रेषा ओढली गेली आहे. ती जमिनीवर नसून अक्षरांवर आहे. संगणकात कोणते अक्षर कोणत्या संख्येने लिहावयाचे, ते पडद्यावर कसे उमटावयाचे, कोणत्या भाषेतील मजकुरास जाहिरात मिळावयाची, हे ठरविणारी ही रेषा आहे. तिच्यासाठी भालकीत कोणी साक्ष घेतली नाही आणि आळंदला कोणी निवेदन मागितले नाही. हिचा इतिहास काय आहे, हे आज थोडक्यात पाहू.

यंत्र आणि लिपी यांचा झगडा नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्यातील भाषा मराठी, पण लिपी रोमन. याचे कारण स्टीफन्स यांनीच १६०८ सालच्या एका पत्रात सांगितले आहे: येथील अक्षरांचे साचे करावयाचे तर त्यांची संख्या सहाशेच्या घरात जाते, आणि ते काम अशक्यप्राय दिसते. युरोपातील यंत्रास चोवीस अक्षरांची सवय होती. यंत्र लिपीपुढे वाकले नाही. म्हणून लिपीला बाजूस सरावे लागले. पुढे दोन शतकांनी विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरला १८१० साली मराठीचा कोश छापला, तो मोडीच्या खिळ्यांत. पण विसाव्या शतकात सरकारी व्यवहाराच्या सोयीसाठी बाळबोध लिपीस प्राधान्य मिळाले आणि मोडी मागे पडली. एक पिढी उलटली आणि नातवाला आजोबांचे खतपत्र वाचता येईना. लिपीविषयीच्या निर्णयाची किंमत अशी तिसऱ्या पिढीत चुकवावी लागते.

बीदरच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नको. निजामाच्या राजवटीत सरकारी भाषा उर्दू होती. घरात मराठी किंवा कन्नड. बाजारात तेलुगूही कानी पडे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू यांनी मराठीत रचना केली आणि कन्नड व हिंदीतही केली. चार लिपींच्या सावलीत राहणे हा इकडचा नेम आहे.

संगणक आला तेव्हा या चार लिपींचे काय झाले? संगणकाला अक्षर कळत नाही, केवळ संख्या कळते. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो, आणि लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे यंत्र यांनी तोच क्रमांक मानावा लागतो. अशा सर्वमान्य तक्त्यालाच मानक म्हणतात. भारतात हे काम प्रथम कानपूरच्या आय.आय.टी.त आणि नंतर १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत झाले; त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. त्यातून निघालेला इस्की नावाचा तक्ता भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारला.

या तक्त्यामागील कल्पना सीमाभागातील माणसाच्या मनाला चटकन भिडावी अशी होती. आपल्या बहुतेक लिपी ब्राह्मीच्या लेकी. त्यांची वर्णमाला एकच. म्हणून देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' या दोघांना मिळून एकच क्रमांक दिला गेला, तो १७९. लिपी बदलली तरी क्रमांक तोच. त्याच विचाराने केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावरही 'क'ची कळ दोन्ही लिपींत एकच आहे. ज्या मुलाने मराठी टंकलेखन शिकले, त्याची बोटे कन्नड लिहितानाही त्याच जागी पडतात. नकाशाने ज्या दोन भाषांमध्ये भिंत घातली, त्यांना या तक्त्याने एका पंक्तीस बसविले. मात्र त्या पंक्तीत उर्दूला पान मांडले गेले नाही; उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीसाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. बीदरच्या चार शेजाऱ्यांपैकी एक बाहेर राहिला.

त्याच १९९१ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे युनिकोड नावाची संस्था नोंदली गेली. जगातील सर्व लिपींचा एकच तक्ता करावयाचा, असा तिचा संकल्प. हेतू थोर होता. परंतु ही संस्था राष्ट्रांची नव्हे, ती मुख्यतः सॉफ्टवेअर व संगणक कंपन्यांची. वर्गणी भरणाऱ्या पूर्ण सभासदास मत, असा तेथील नियम. भारत सरकारचे खाते तिचे सभासद झाले ते २००० सालाच्या सुमारास, म्हणजे तक्त्याची मुख्य मांडणी होऊन गेल्यावर. युनिकोडने भारतीय लिपींचा क्रम इस्कीवरूनच घेतला, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. आज देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५ आणि कन्नड 'क' चा ३२२१. या दोन क्रमांकांत ८९६ चे अंतर आहे, आणि 'ख', 'ग', 'घ' घेतले तरी अंतर तेवढेच भरते. जुन्या एका पंक्तीची ती खूण अजून शिल्लक आहे.

दुरून केलेल्या तक्त्यात मराठीच्या काही गोष्टी निसटल्या. दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द आपण डोळ्यांनी वेगळे ओळखतो. या दुसऱ्या 'र'साठी तक्त्यात दोन निराळ्या वाटा मान्य झाल्या. परिणाम असा, की 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द एकाने एका वाटेने लिहिला व दुसऱ्याने दुसऱ्या वाटेने शोधला, तर डोळ्यांना दोन्ही सारखे दिसूनही यंत्र 'सापडत नाही' असे सांगू शकते. 'ॲ' या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडले. शेतकऱ्याला आपल्यासाठीची योजना शोधूनही न मिळणे, ही काही व्याकरणाची किरकोळ बाब नव्हे.

मधल्या काळात जो गोंधळ झाला तो आपल्या ओळखीचा आहे. मानक असूनही बाजारात प्रत्येक कंपनीने आपापल्या फॉन्टचा खाजगी तक्ता चालविला. मराठीत श्रीलिपी, आकृती आणि सी-डॅकचे निरनिराळे फॉन्ट. कन्नडात बरह आणि कन्नड गणक परिषदेचे नुडी. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांची खिचडी. त्यात १९९७ साली नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांचे ब्राउझरयुद्ध ऐन भरात आले. वेबवरील पानाबरोबर फॉन्ट पाठविण्याची एक रीत नेटस्केपने काढली, दुसरी मायक्रोसॉफ्टने. एकीचे दुसरीस चालत नसे. अमेरिकन सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, त्याची जगभर चर्चा झाली. पण त्या भांडणात मराठी व कन्नड वृत्तपत्रांना एकाच बातमीसाठी दोन प्रकारचे फॉन्ट सांभाळावे लागत, याची चर्चा कोठेही झाली नाही. सर्वांना चालेल असे फॉन्टचे मानक वेबच्या जागतिक संघटनेने मंजूर केले ते डिसेंबर २०१२ मध्ये. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडविले जाते, ते असे.

न्यायाची गोष्ट ही, की कंपन्यांकडून चांगली कामेही झाली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी अक्षरतज्ज्ञाने घडविला, आणि त्याला आपल्या दिवंगत पत्नीचे नाव दिले. कन्नडचा 'तुंगा' फॉन्टही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाला. एका मराठी माणसाच्या देखरेखीखाली कन्नड अक्षरे उभी राहिली, हे आपण सीमेवरच्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता पैशाचा भाग. वेबवरील वृत्तपत्र वाचकाच्या वर्गणीवर फारसे चालत नाही; ते जाहिरातीवर चालते. ही जाहिरात यंत्र लावते, आणि यंत्र मजकूर वाचून ती लावते. खाजगी फॉन्टमधील मराठी पान यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. म्हणून ते पान शोधातही सापडत नसे आणि त्याला जाहिरातही मिळत नसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण दूर झाली. तरीही गूगलच्या जाहिरातसेवेत हिंदीला जागा मिळाली ती २०१४ च्या अखेरीस, आणि मराठी व कन्नड यांना त्याहूनही नंतर. तोपर्यंत या भाषांत लिहिणे हे बव्हंशी पदरमोडीचे काम होते.

जाहिरात आली, तिच्याबरोबर दलालही आला. आणि दलाल, दुकान व रस्ता यांचा मालक एकच निघाला. शोधसेवा त्याची, जाहिरातीचा बाजार त्याचा, बहुतेकांच्या खिशातील फोनची अँड्रॉइड प्रणालीही त्याची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. वृत्तपत्रांच्या जाहिरात-उत्पन्नाविषयीच्या तक्रारीवरही आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा हुकूम दिला.

सीमाभागाला याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे. वेबवरील जाहिरात देणारा दोन गोष्टी निवडतो: प्रदेश आणि भाषा. 'महाराष्ट्र, मराठी' अशी निवड त्याने केली, की भालकीचा मराठी वाचक त्याच्या हिशेबातून गळाला. 'कर्नाटक, कन्नड' अशी केली, तरी तो गळालाच. हाच न्याय उदगीरच्या कन्नड घराला लागतो. १९५६ ची रेषा अशा रीतीने रोज नव्याने ओढली जाते, आणि या खेपेस ती आखणारा कोणी आयोग नसतो. असतो जाहिरात-कचेरीतला एक चौकोन, ज्यात कोणी तरी खूण करतो.

मग सामान्य माणसाने हताश व्हावे काय? इतिहास तसे सांगत नाही. रुपयाचे नवे चिन्ह जुलै २०१० मध्ये सरकारने स्वीकारले आणि त्याच ऑक्टोबरात ते युनिकोडच्या तक्त्यात दाखल झाले. मागणाऱ्याने नीट मागितले तर दार उघडते. कार्यालयांतून हद्दपार झालेल्या मोडीलाही २०१४ साली तेथे स्वतःचे घर मिळाले. फेसबुकने काही निवडक संकेतस्थळेच फुकट देण्याची योजना आणली, तेव्हा देशातील लाखो लोकांनी दूरसंचार नियामकाकडे आपली मते धाडली. आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावाच्या दरांना बंदी झाली. जेथे विचारले जाते तेथे उत्तर देणे, आणि जेथे विचारले जात नाही तेथे विचारावयास लावणे, हीच लोकशाहीची रीत.

सीमाभागातील आम्हा शिक्षकांचे काम तर अगदी हातालगतचे आहे. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे कलम राज्यघटनेत आले. त्या कलमाने शाळा मिळते. पण शाळेची पत्रके, गावच्या वाचनालयाच्या याद्या, नियतकालिकांचे जुने अंक जर मेलेल्या फॉन्टच्या कुलपात पडून असतील, तर मुलाला वाचावयास काय मिळणार? ते सर्व युनिकोडमध्ये उतरविणे हे आजचे काम आहे. वेबच्या मानकांत पानावर 'हे मराठी आहे' अशी खूण करण्याची सोय आहे. ती खूण न विसरता करणे हे दुसरे. आणि शाळेच्या फळ्यापुढे बसलेल्या मुलाला दोन्ही लिपी एकाच कळफलकावर शिकविणे हे तिसरे.

नकाशावरची रेषा पुसणे वा हलविणे आपल्या हाती नाही. ते न्यायालयाचे आणि संसदेचे काम. परंतु अक्षरांचा तक्ता ही अजून न वाळलेली शाई आहे. त्यात दरवर्षी भर पडते, दुरुस्ती होते. मोडीचे जे झाले ते पाहिलेल्या समाजाने आपल्या नातवंडांवर तीच पाळी येऊ द्यावयाची की नाही, हे अजून आपल्याला ठरविता येते.