छायाचित्रांतील आकाश

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं मीं तोरण्यावरून राजगडाचें एक छायाचित्र घेतलें. गड उत्तम उतरला, परंतु त्याच्या माथ्यावरचें आकाश मात्र कोऱ्या कागदासारखें पांढरें! निवृत्तीनंतर संगणकावर छायाचित्रें संस्कारित करण्याची विद्या मी नातवाकडून शिकत आहें. नातू गुरु आणि गुरुजी शिष्य, असा हा उलटा प्रकार. त्यानें एक कळ दाबली, आणि क्षणांत राजगडावर काळेभोर मेघ दाटून आले. "आजोबा, आतां कसें दिसतें?" दिसत होतें सुंदरच. पण हे मेघ त्या दिवशीं तेथें नव्हते! शिवाय हें चित्र मीं जेथें इतिहास शिकविला त्या शाळेच्या इतिहास-दालनासाठीं द्यावयाचें होतें. आणि अस्सल कागदांतलें एक अक्षरहि बदलूं नये, हें तर मीं मुलांना ३६ वर्षें बजावीत आलेलों.

मी त्याच्यावर थोडा रागावलोंहि. मागाहून या विद्येचा पूर्वेतिहास चाळला, तेव्हां तो राग निम्म्यावर आला. श्रोतेहो, ही लबाडी म्हणा कीं कला म्हणा, संगणकानें जन्मास घातलेली नाहीं.

फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे हा मूळचा चित्रकार. त्याच्या काळीं कांचेवर कलोडियनचा लेप देऊन ऋणचित्र घेण्याची रीत पडली होती. हा लेप निळ्या प्रकाशाला फार हळवा, हिरव्या-तांबड्याला जवळजवळ आंधळा. झाडें-खडक नीट उमटेपर्यंत थांबावें, तों कांचेवरचा आकाशाचा भाग प्रकाशानें पार काळा होई आणि कागदावर पांढराफेक उतरे. लवकर झांकण घालावें, तर जमीन अंधारांत बुडे. माझ्या राजगडाचें दुखणें नेमकें हेंच! ल ग्रेनें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं जीं चित्रें केलीं, त्यांतील कांहींत यावर तोड काढली. समुद्राची एक कांच, आकाशाची दुसरी. एक छापतांना दुसरीचा भाग झांकावयाचा आणि सांधा क्षितिजाच्या रेषेंत लपवावयाचा. सेत येथील 'मोठी लाट' हें १८५७ चें चित्र असेंच दोन कांचांचें आहे. इतकेंच नव्हे, तर तेच ढग त्याच्या निरनिराळ्या समुद्रांवर तरंगतांना आढळतात! उलट १८५६ चें त्याचें गाजलेलें गलबताचें चित्र एकाच कांचेचें. तें दिवसां घेतलेलें असतांहि लोकांना चांदण्यांतलें वाटलें. म्हणजे जोड नसूनहि फसगत झालीच.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेंतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यानें न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. सूर्य मावळत होता, प्रकाशमापक सांपडेना. पण चंद्राचें तेज किती हें त्याला पाठ होतें, त्यावरून त्यानें हिशेब बसविला. १९४८ मध्यें ऋणचित्राचा खालचा भाग त्यानें रसायनानें अधिक ठळक केला, आणि पुढें छापतांना आकाश अधिकाधिक काळें करीत नेलें. चित्र कोणत्या वर्षीं घेतलें हें मात्र त्याला नीट आठवेना. शेवटीं अभ्यासकांनीं चंद्राच्या स्थानावरून गणित केलें, आणि १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढली. आकाश कितीहि काळवंडलें असो, चंद्र जागचा हलला नव्हता, म्हणूनच हें साधलें.

आणि फेब्रुवारी १९८२ मध्यें काय झालें? 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटींत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकानें एकमेकांजवळ सरकविले गेले. रंग वा छाया कोणी मोजल्या नसत्या. पण पिरॅमिड सरकले, आणि गहजब झाला तो रास्तच.

१९९० मध्यें टॉमस व जॉन नोल या बंधूंनीं रचलेला फोटोशॉप बाजारांत आला. त्यांत उजळण्याच्या साधनाचें चिन्ह काठीवरची चकती, काळवंडण्याचें चिन्ह वळलेला हात. दोन्ही अंधारखोलींतून आलेलीं. १९९४ मध्यें त्यांत थर आले, ते ल ग्रेच्या कांचांचेच वंशज, फक्त न फुटणारे! २०२० मध्यें तर संबंध आकाश बदलण्याची सोयच त्यांत झाली.

मीं नातवाचे मेघ काढून टाकले. मग कॅमेऱ्यानें जपून ठेवलेल्या मूळ नोंदींत शोधूं लागलों, तों कोऱ्या वाटणाऱ्या भागांत फिक्या ढगांची एक कडा लपलेली निघाली. ती हळूहळू गडद केली. सगळें आकाश कांहीं आलें नाहीं. बालेकिल्ल्याच्या उजव्या अंगाला अजून पांढरेंच आहे. तेंच चित्र, पाठीमागें तारीख, वेळ आणि केलेले फेरफार लिहून, मीं शाळेकडे पाठविलें. मेघांचें चित्र नातवानें आपल्या खोलींत लावलें आहे, आणि घरीं येणारे लोक पाहतात तें तेंच.