नुकसानभरपाईचा तक्ता आणि आपला नगर जिल्हा

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने आम्हांस सांगितले. आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा नववीपर्यंत, पुढचे शिक्षण अर्ज-निवेदने लिहिता लिहिता झाले. म्हणून ज्या एका कागदासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, त्याच कागदाचा इतिहास मांडतो. तो कागद म्हणजे अत्याचारग्रस्ताला सरकारने किती पैसे द्यायचे, याचा तक्ता.

१९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आणि १९७६ साली त्याचाच झालेला नागरी हक्क संरक्षण कायदा, यांत गुन्हेगाराला शिक्षा होती. पण घरचे माणूस मारले गेले तर मागे राहिलेल्यांना किती मदत द्यायची, याचा आकडा नव्हता. ३० जानेवारी १९९० पासून अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला. त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. ही दुरुस्ती झाली नसती तर धर्मांतर केलेल्या आपल्या घरांना या कायद्याचा दरवाजा बंदच राहिला असता. पुढे ३१ मार्च १९९५ ला नियम आले आणि नियमांबरोबर तक्ता आला.

त्या पहिल्या तक्त्यात खुनासाठी दोन भाव होते. कमावता माणूस गेला तर किमान दोन लाख, न कमावता गेला तर एक लाख. पंचाहत्तर टक्के पोस्टमार्टेमनंतर, उरलेले पंचवीस टक्के खालच्या कोर्टात आरोपीला शिक्षा झाल्यावर.

हा 'कमावता' शब्द आम्हांला एका कचेरीत नडला. मयत शेतमजूर होता. साहेब म्हणाले, "कमावता असल्याचा पुरावा आणा." आम्ही गिरणीवाले, आमचे नाव मस्टरवर, पगाराची पावती हातात. पण दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याला पावती कोण देतो? त्याची बायको आमच्याकडे बघून म्हणाली, "दादा, हे कमावत नव्हते तर आम्ही खात काय होतो?" साहेबांनी मान वर केली नाही. शेवटी सरपंचाचा दाखला जोडला, पण त्या बाईचा प्रश्न अजून आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

डिसेंबर २०११ मध्ये रक्कम वाढून अडीच आणि पाच लाख झाली. दोन भाव मात्र तसेच राहिले आणि शेवटच्या हप्त्याची अटही राहिली. त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्याने पाहिला. जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यात सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांचा खून झाला. नाशिकच्या कोर्टाने आरोपींना शिक्षा दिली ती जानेवारी २०१८ मध्ये. म्हणजे तक्त्याप्रमाणे कमावत्याचे पावणेचार लाख आधी आणि सव्वा लाख पाच वर्षांनी. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या शाळकरी पोराला मारले. पोरगा शिकत होता, म्हणून तक्त्याच्या भाषेत 'न कमावता'. अडीच लाखांतले १,८७,५०० पोस्टमार्टेमनंतर, ६२,५०० शिक्षेवर. खटल्यात साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. आता विचार करा बंधूंनो, साक्षीदार फिरला की न्याय तर जातोच, वर मदतीचा चौथा हिस्साही तक्त्यातून उडतो. पोर तर गेलेच ना? ते कोर्टाच्या निकालाने परत येणार होते का?

खर्ड्यानंतर दोनच महिन्यांनी, जून २०१४ मध्ये, आकडे पावणेचार आणि साडेसात लाख झाले. पण खरा बदल १४ एप्रिल २०१६ च्या नियमांनी केला. बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीचे वर्ष नुकतेच पुरे होत होते. 'कमावता-न कमावता' हा भेद गेला. खुनासाठी सरसकट ८,२५,००० रुपये. निम्मे पोस्टमार्टेमनंतर, निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. शिक्षेची वाट बघणे संपले. शाळकरी पोर, म्हातारी आई, घर सांभाळणारी बाई, सगळ्यांच्या जिवाचा आकडा एक झाला. बाकी गुन्ह्यांत मात्र सगळीकडे तसे नाही. जातीवरून चारचौघांत अपमान केल्यास एक लाख. पंचवीस टक्के फिर्याद नोंदल्यावर, पन्नास दोषारोपपत्रावर आणि शेवटचे पंचवीस शिक्षेवरच.

माणूस मारला गेला असेल तर या रकमेशिवाय आणखी हक्क आहेत, ते पुष्कळांना माहीत नसतात. विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा पाच हजार मूळ पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता, घरातल्या एकाला नोकरी, शेतजमीन आणि घर, मुलांचा पदवीपर्यंतचा शिक्षणखर्च, तीन महिन्यांचे धान्य आणि भांडीकुंडी. घर जाळले वा पाडले तर सरकारी खर्चाने पक्के घर. तातडीची मदत सात दिवसांत द्यायची, हे नियम बारा सांगतो.

तेव्हा प्रसंग आलाच तर आधी फिर्यादीत अत्याचार कायद्याचे कलम लागले का ते पाहा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घ्या. जातीचा दाखला प्रत्येक घरात आजच काढून ठेवा. मग समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोषारोपपत्र गेले की दुसऱ्या हप्त्याचा अर्ज पुन्हा द्या, कारण आपण विसरलो तर फाईलही विसरते.

पैशाने माणूस परत येत नाही, हे आम्हांला कळते. पण या पैशाला भीक म्हणू नका. सरकारला आपले संरक्षण करता आले नाही, त्याची ही लेखी कबुली आहे. त्या माउलीचा प्रश्न तक्त्याला समजायला १९९५ पासून २०१६ पर्यंत एकवीस वर्षे लागली. पुढच्या पिढीने तक्ता वाचायला एवढा वेळ लावू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

जय भीम.