चर्चमधील मेणबत्त्या व अग्निसुरक्षा

जुन्या चर्चमध्ये दगडी भिंतींमुळे इमारत आगीला दाद देणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात वेदी, बाके, माळा आणि छताच्या तुळया वाळलेल्या लाकडाच्या असतात. मेणबत्तीची ज्योत लहान, पण वेदीवरचे कापड, कृत्रिम फुले किंवा वाऱ्याने हलणारा पडदा पेटवायला तेवढी पुरते.

चिलीतील सांतियागो येथील जेझुइटांच्या ‘कोम्पान्यिया’ चर्चची आग हे सर्वांत भीषण उदाहरण. ८ डिसेंबर १८६३ रोजी मरियामातेच्या सणाला वेदीजवळच्या दिव्याने सजावट पेटली. दारांशी गर्दी अडकली, घोळदार झग्यांनी आग पसरवली. दोन हजारांहून अधिक माणसे, बहुतेक स्त्रिया, मृत्युमुखी पडली. अवघ्या बारा दिवसांनी शहरात स्वयंसेवी अग्निशमन दल उभे राहिले.

नवसाच्या मेणबत्त्या वाळू भरलेल्या धातूच्या ताटात, शक्यतो इमारतीबाहेर लावाव्यात. मुंबईत वांद्र्याच्या माऊंट मेरीला हातापायांच्या आकाराचे मेणही वाहतात. तेव्हा साचलेले मेण वरचेवर काढणे महत्त्वाचे. पेटत्या मेणावर पाणी मुळीच टाकू नये, भडका उडतो. झाकण किंवा अग्निरोधक कापड वापरावे. प्रार्थनेनंतर शेवटची ज्योत विझेपर्यंत कोणीतरी थांबावे, दारे कुलूपबंद नसावीत. माळ्यावर धूरसूचक यंत्र हवेच, पण इशारा नेमक्या कुठल्या जागेचा हे पहारेकऱ्याला कळले पाहिजे: पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा प्रथम चुकीचा माळा तपासला गेला आणि मोलाचा वेळ गेला.